कूटबद्ध ड्राइव्ह फॉरमॅट झाला तर?

वकिलांची कार्यालये, डॉक्टरांचे दवाखाने, करसल्लागार, छायाचित्रकारांचे स्टुडिओ... कोल्हापुरातील अशा कितीतरी ठिकाणी अशिलांची, रुग्णांची आणि ग्राहकांची माहिती आज कपाटातील फायलींपेक्षा तळहातावर मावणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये अधिक साठलेली असते. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या खटल्यांची कागदपत्रे शहरात येऊ लागली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने दुसऱ्याची माहिती बाळगणाऱ्यावर तिच्या सुरक्षेची जबाबदारी टाकली आहे. त्यामुळे ड्राइव्ह कूटबद्ध करून, म्हणजे माहितीचे सांकेतिक रूपांतर करून ठेवण्याची सवय वाढते आहे आणि ती योग्यही आहे. मात्र या सवयीबरोबर एक नवा धोका घरात येतो. एका चुकीच्या क्लिकने असा ड्राइव्ह फॉरमॅट झाला, तर साध्या ड्राइव्हला लागू पडणारे बहुतेक उपाय येथे निरुपयोगी ठरतात. काही वेळा मात्र सारे काही गेले असे वाटत असतानाही माहिती जवळजवळ पूर्ण परत मिळू शकते. हा फरक कशामुळे पडतो, हे समजून घेणे प्रत्येक संगणक वापरणाऱ्याच्या हिताचे आहे.

अपघात होतो कसा?

या अपघातामागे बहुतेक वेळा निष्काळजीपणापेक्षा संगणकाचा गैरसमज असतो. व्हेराक्रिप्टसारख्या प्रणालीने कूटबद्ध केलेला किंवा लिनक्सवर तयार केलेला ड्राइव्ह विंडोजच्या संगणकाला जोडला, की विंडोजला त्यावर ओळखीची कोणतीच रचना सापडत नाही. मग पडद्यावर सूचना येते, की हा ड्राइव्ह वापरण्यापूर्वी तो फॉरमॅट करणे आवश्यक आहे. फॉरमॅट करायचा का? घाईत, किंवा कार्यालयातील नव्या सहकाऱ्याकडून, ‘होय’ वर क्लिक होते. दोन-चार सेकंदांत ड्राइव्ह कोरा करकरीत दिसू लागतो.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. व्हेराक्रिप्टने कूटबद्ध केलेले पार्टिशन विंडोजमध्ये दोन अक्षरांनी दिसू शकते. एक अक्षर बाहेरच्या, न वाचता येणाऱ्या पार्टिशनचे आणि दुसरे पासवर्ड दिल्यानंतर उघडणाऱ्या आतल्या ड्राइव्हचे. बाहेरचे अक्षर ‘रिकामे आणि बिघडलेले’ भासते आणि ते दुरुस्त करण्याच्या भरात फॉरमॅट केले जाते. नवी डिस्क जोडल्यावर विंडोज ती ‘इनिशियलाइज’ करण्यास सुचविते, त्यातूनही हाच घोटाळा होतो.

साधा ड्राइव्ह आणि कूटबद्ध ड्राइव्ह

साध्या ड्राइव्हचे झटपट फॉरमॅट म्हणजे ग्रंथालयातील पुस्तके जागेवर ठेवून केवळ सूची फाडून टाकण्यासारखे आहे. मजकूर डिस्कवर तसाच असतो. तो कोठे आहे याची नोंद तेवढी जाते. माहिती परत मिळवणारी सॉफ्टवेअरे डिस्क पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत चाळतात आणि ओळखीच्या खुणा शोधतात. जेपीईजी छायाचित्राचा आरंभ ठरावीक बाइट्सनी होतो, पीडीएफ फाइलचा आणखी वेगळ्या बाइट्सनी. अशा खुणांवरून फायली पुन्हा जुळविता येतात.

कूटबद्ध ड्राइव्हवर या खुणाच नसतात. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर संस्थानची मोडी लिपीतील कागदपत्रे आहेत. मोडी न येणाऱ्यास ती अगम्य वाटतात. पण लिपी शिकलेला कोणीही जाणकार ती वाचू शकतो, कारण अक्षरांची वळणे आणि शब्दांची रचना कागदावर असतेच. आधुनिक कूटलेखनाची गोष्ट वेगळी आहे. त्यात मूळ मजकुराचे कोणतेही वळण शिल्लक राहत नाही. डिस्कवर जे उरते ते पूर्णपणे यदृच्छ बाइट्सच्या ढिगासारखे दिसते. त्यामुळे नेहमीचे सॉफ्टवेअर अशा डिस्कवर तासन्‌तास चालविले तरी हाती काही लागत नाही. एखाद्या सॉफ्टवेअरने शेकडो फायली ‘सापडल्या’ असे दाखविलेच, तर त्या डिस्क कूटबद्ध करण्यापूर्वीच्या जुन्या फायली तरी असतात किंवा योगायोगाने जुळलेल्या बाइट्सचा निरर्थक कचरा तरी.

मग किल्ली ‘फोडता’ येत नाही का? बहुतेक प्रणाली वापरतात ती एईएस ही पद्धत जोन डेमेन आणि व्हिन्सेंट रायमेन या बेल्जियन संशोधकांनी तयार केली आणि अमेरिकेने २००१ मध्ये ती मानक म्हणून स्वीकारली. तिच्या २५६ बिटांच्या प्रकारात संभाव्य किल्ल्यांची संख्या ७८ अंकी आहे. एकेक किल्ली लावून पाहणे जगातील सारे संगणक एकत्र केले तरी शक्य नाही.

सारा जीव हेडरमध्ये

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. आपण देतो तो पासवर्ड ही माहितीची खरी किल्ली नसते. ड्राइव्ह कूटबद्ध करताना संगणक स्वतः एक लांबलचक यदृच्छ किल्ली तयार करतो. तिला मुख्य किल्ली म्हणू. सारी माहिती या मुख्य किल्लीने कुलूपबंद होते आणि ती मुख्य किल्ली पासवर्डने कुलूपबंद करून डिस्कवरच एका छोट्या भागात ठेवली जाते. या भागाला हेडर म्हणतात. तिजोरीची किल्ली एका लहान डबीत ठेवावी आणि त्या डबीला आपले कुलूप लावावे, तशी ही रचना आहे. तिचा लाभ असा, की पासवर्ड बदलताना सारी डिस्क पुन्हा कूटबद्ध करावी लागत नाही; केवळ डबीचे कुलूप बदलते.

तोटाही यातूनच उद्भवतो. दोन टेराबाइटच्या डिस्कचे भवितव्य काही किलोबाइटच्या हेडरवर अवलंबून असते. हेडर वाचले, पासवर्ड ठाऊक आहे आणि माहितीचा भाग शाबूत आहे, तर डिस्क उघडते. हेडर गेले आणि त्याची प्रतही नसेल, तर अचूक पासवर्ड असूनही तो लावायचा कोठे, हा प्रश्न उरतो. म्हणूनच पहिला शोध फायलींचा नव्हे, तर हेडरचा घ्यायचा असतो.

एक घातक गैरसमजही येथेच दूर व्हायला हवा. ‘पूर्वीचाच पासवर्ड देऊन ड्राइव्ह पुन्हा कूटबद्ध केला, की जुनी माहिती दिसेल’ असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात दर वेळी नवी मुख्य किल्ली जन्माला येते. पासवर्ड तोच असला तरी नवे हेडर जुन्या माहितीला निरुपयोगी असते आणि ते लिहिताना जुन्याचा उरलासुरला अंशही पुसला जाऊ शकतो.

तीन प्रणाली, तीन शक्यता

फॉरमॅटनंतर हेडर उरते की नाही, हे प्रणालीच्या रचनेवर ठरते.

व्हेराक्रिप्ट ही २०१४ मध्ये बंद पडलेल्या ट्रूक्रिप्टची वारसदार. या घराण्यात २००८ मधील ट्रूक्रिप्टच्या सहाव्या आवृत्तीपासून हेडरची एक प्रत ड्राइव्हच्या शेवटी, अखेरच्या १२८ किलोबाइटमध्ये ठेवली जाते. झटपट फॉरमॅट प्रामुख्याने आरंभीच्या भागावर लिहिते. म्हणून पहिले हेडर नष्ट झाले तरी शेवटचे बऱ्याचदा वाचते. व्हेराक्रिप्टमध्येच या प्रतीवरून ड्राइव्ह उघडण्याची आणि हेडर पूर्ववत करण्याची सोय आहे. मात्र दोन अडचणी संभवतात. पूर्वी सारी डिस्क कूटबद्ध होती आणि अपघातात तिच्यावर नवे पार्टिशन तयार झाले, तर त्या पार्टिशनचा शेवट आणि डिस्कचा शेवट एक नसतो. अशा वेळी प्रत शोधायची ती मूळ डिस्कच्या शेवटी. दुसरे असे, की विंडोज ज्या ड्राइव्हवरून सुरू होते तोच कूटबद्ध केला असेल, तर शेवटची प्रत नसते. तेथे आरंभी तयार करून घेतलेली रेस्क्यू डिस्कच कामी येते.

लिनक्सवर प्रचलित असलेल्या लक्स या पद्धतीत हेडर केवळ आरंभी असते. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत वर्णनपत्राच्या दोन प्रती असतात; पण त्या शेजारी शेजारी. तज्ज्ञ दुसरी प्रत ओळखतात ती तिच्या खुणेवरून, कारण तिच्यात ‘लक्स’ची इंग्रजी अक्षरे उलट क्रमाने लिहिलेली असतात. खऱ्या किल्ल्या ठेवलेला भाग मात्र एकच असतो. शिवाय प्रत्येक किल्ली मुद्दाम चार हजार तुकड्यांत पसरून ठेवलेली असते, जेणेकरून पुसताना थोडासा भाग पुसला गेला तरी ती कायमची नष्ट व्हावी. चोरापासून संरक्षण देणारी ही योजना अपघातात मालकावरच उलटते. नवे फॉरमॅट किल्लीच्या भागापर्यंत पोहोचले, की ती किल्ली संपली. पोहोचले नसेल, तर आशा असते.

विंडोजसोबत येणाऱ्या बिटलॉकरमध्ये किल्लीसंबंधीच्या नोंदींच्या तीन प्रती डिस्कवर वेगवेगळ्या जागी असतात. त्यामुळे एखादी वाचण्याचा संभव असतो आणि ‘रिपेअर-बीडीई’ या विंडोजच्याच साधनाने माहिती दुसऱ्या डिस्कवर काढता येते. परंतु विंडोजने तो ड्राइव्ह बिटलॉकरचा म्हणून ओळखला असेल, तर फॉरमॅट करताना या प्रतीही पुसल्या जाऊ शकतात. बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की अनेकांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात किंवा कागदावर छापलेली असते. ती जवळ आहे म्हणून निश्चिंत राहणे मात्र चुकीचे आहे. हे ४८ अंक डबी उघडतात, ते स्वतः मुख्य किल्ली नसतात. तिन्ही नोंदी नष्ट झाल्या, तर ‘की पॅकेज’ नावाची वेगळी प्रत लागते आणि घरगुती वापरकर्त्याकडे ती सहसा नसते.

एसएसडी आणि मोबाइल

फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर जुने बाइट्स नवे लिहिले जाईपर्यंत टिकून राहतात. एसएसडीचे तसे नाही. फॉरमॅट होताच संगणक तिला ‘ट्रिम’ ही आज्ञा देतो, की या जागा आता रिकाम्या समजाव्यात. त्यानंतर वाचायला गेल्यास बहुधा केवळ शून्ये मिळतात आणि आतील चिप सवडीने खरी माहितीही साफ करते. यूएसबीच्या डब्यातील एसएसडीपर्यंत ही आज्ञा पोहोचतेच असे नाही. उलट काही नव्या पोर्टेबल हार्ड डिस्कही ती पाळतात. म्हणून ड्राइव्ह कोणता आहे हे पाहिल्याविना कोणतेही आश्वासन देता येत नाही.

‘फुल फॉरमॅट’चा प्रकार आणखी वेगळा. विंडोज व्हिस्टापासून या प्रकारात साऱ्या ड्राइव्हवर शून्ये लिहिली जातात. ते पूर्ण झाले असेल, तर ड्राइव्ह साधा असो वा कूटबद्ध, परत मिळण्यासारखे काही उरत नाही. आजचे बहुतेक मोबाइल मुळातच कूटबद्ध असतात आणि फॅक्टरी रिसेटमध्ये किल्लीच नष्ट केली जाते. मोबाइल रिसेट झाल्यानंतर त्यातील छायाचित्रे परत मिळवून देण्याची जाहिरात म्हणूनच सावधपणे वाचावी.

पहिल्या तासात काय करावे?

चूक लक्षात आल्यानंतरच्या पहिल्या तासात ड्राइव्हवर काय होते, यावर पुढचे बरेचसे ठरते.

कूटबद्ध ड्राइव्ह त्या क्षणी पासवर्ड देऊन उघडलेला असेल आणि आतल्या फायली अजून दिसत असतील, तर संगणक बंद करू नये. मुख्य किल्ली तेव्हा संगणकाच्या स्मृतीत असते; डिस्कवरचे हेडर गेले तरी फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेता येतात. संगणक बंद झाला, की ही संधी गेली.

ड्राइव्ह उघडलेला नसेल, तर तो सुरक्षितपणे काढून बाजूला ठेवावा. त्यावर एकही नवी फाइल उतरवू नये. विंडोजने डिस्क तपासण्याची किंवा दुरुस्त करण्याची सूचना दिली तर ती नाकारावी. माहिती परत मिळवणारे सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर टाकू नये. ‘आधी एनटीएफएस होते, पुन्हा तेच करून पाहू’ असा प्रयोग तर मुळीच करू नये. कोणत्या संगणकावर, कोणत्या प्रकारचे फॉरमॅट झाले, कोणती प्रणाली वापरली होती, ड्राइव्हची क्षमता किती, हे लगेच कागदावर लिहून ठेवावे. पुढे याच नोंदीवरून हेडर कोठे शोधायचे ते ठरते.

त्यानंतरची पायरी म्हणजे डिस्कची संपूर्ण, बाइटमागून बाइट अशी प्रत दुसऱ्या तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर घेणे. ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ हे मोफत साधन यासाठी प्रसिद्ध आहे. सेकंदाला १०० मेगाबाइटचा वेग धरला तरी एक टेराबाइटची प्रत घ्यायला पावणेतीन तास लागतात. हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. पण पुढचे सारे प्रयोग प्रतीवर होत असल्याने एखादा फसला तरी मूळ डिस्क आहे तशी राहते. येथे मूळ आणि प्रत यांची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. सराव नसलेल्याने हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

कुलूप उघडल्यानंतर

हेडर सापडले आणि पासवर्ड लागला, तरी काम तेथे संपत नाही. फॉरमॅटने केवळ आरंभाला धक्का लावलेला नसतो. एनटीएफएस पद्धतीत फायलींची मुख्य यादी साधारणपणे ड्राइव्हच्या आरंभापासून तीन गिगाबाइट अंतरावर ठेवली जाते. आतला ड्राइव्हही एनटीएफएसचा असेल, तर त्याची यादी जवळपास त्याच जागी असते आणि नवी यादी तिचा काही भाग खाऊन टाकू शकते. परिणामी ड्राइव्ह उघडतो. पण काही फोल्डर गायब किंवा सारीच रचना विस्कटलेली दिसते.

या टप्प्यावर मात्र नेहमीची साधने उपयोगी पडतात. टेस्टडिस्क, फोटोरेक यांसारखी मोफत सॉफ्टवेअरे पासवर्डने उघडलेल्या आतल्या ड्राइव्हवर चालवावीत, बाहेरच्या कूटबद्ध डिस्कवर नव्हे. हा क्रम चुकल्यामुळे ‘काहीच सापडले नाही’ असा निष्कर्ष काढून कितीतरी जण प्रयत्न सोडून देतात. फोटोरेक फायली त्यांच्या खुणांवरून शोधते. त्यामुळे छायाचित्रे मिळतात, पण त्यांची मूळ नावे आणि फोल्डर मिळत नाहीत. हजारो अनामिक फायलींतून हवी ती निवडणे हे मग चिकाटीचे काम उरते.

तज्ज्ञाकडे जाताना

माहिती मौल्यवान असते तेव्हा माणूस हवालदिल होतो आणि हवालदिल ग्राहकाला आश्वासने विकणे सोपे असते. म्हणून काही प्रश्न आधीच विचारावेत. काम मूळ डिस्कवर होणार की प्रतीवर? हेडर शिल्लक आहे की नाही, हे तपासून आधी सांगणार का? तपासणीचे शुल्क किती आणि माहिती न मिळाल्यास किती? मिळालेल्या माहितीची प्रत कामानंतर नष्ट करणार का, आणि हे लेखी देणार का? अशिलांची किंवा रुग्णांची माहिती असेल, तर हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा.

‘आमच्याकडे कूटलेखन फोडण्याचे यंत्र आहे’ असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. हेडर शाबूत असेल आणि पासवर्ड अर्धवट आठवत असेल, तर निरनिराळे पर्याय लावून पाहण्याचे काम करता येते. हेडरच नसेल, तर कोणतेही यंत्र उपयोगाचे नाही. हे ग्राहकाला स्पष्टपणे सांगणारा आणि पुढचा खर्च वाचविणारा जाणकारच विश्वासाचा समजावा.

किल्लीची दुसरी प्रत

हा सारा मनस्ताप टाळण्याचा उपाय अगदी साधा आहे. व्हेराक्रिप्ट आणि लक्स या दोन्हींत हेडरची प्रत वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवण्याची सोय आहे. लक्सच्या नव्या आवृत्तीत ही फाइल १६ मेगाबाइटची असते आणि ती तयार करायला मिनिटभरही लागत नाही. बिटलॉकरची रिकव्हरी की छापून ठेवावी. हेडरची प्रत आणि पासवर्ड एकाच ठिकाणी ठेवू नयेत. जुना पासवर्ड फुटला म्हणून तो बदलला, तर जुनी हेडर-प्रत नष्ट करून नवी घ्यावी. कारण जुनी प्रत जुन्याच पासवर्डने उघडते. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून बाहेरच्या कूटबद्ध पार्टिशनचे अक्षर काढून टाकले, तर फॉरमॅट करण्याची सूचनाच येत नाही. ड्राइव्हवर ‘कूटबद्ध आहे, फॉरमॅट करू नये’ अशी ठसठशीत चिठ्ठी चिकटविणे हाही कमी प्रतीचा उपाय नव्हे.

हेडरची प्रत केवळ कुलूप वाचविते, माहिती नव्हे. डिस्क जळाली, हरवली किंवा भिजली तर माहितीचीच दुसरी प्रत हवी, आणि तीही दुसऱ्या जागी. कोल्हापूरकरांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले होते. २००५ आणि २०२१ च्या पुरांतही अनेक घरे, दुकाने पाण्याखाली गेली. मूळ डिस्क आणि तिची प्रत एकाच तळमजल्यावरच्या एकाच खणात असेल, तर पुराच्या दृष्टीने ती एकच प्रत असते. एक प्रत उंचावरच्या भागात, नातेवाइकाकडे किंवा दुसऱ्या गावी ठेवावी आणि तीही कूटबद्ध करूनच.

कूटलेखन चोर आणि मालक यांच्यात भेद करीत नाही. ज्याच्याकडे किल्ली, त्यालाच ते आत घेते. किल्ली सांभाळण्याची जबाबदारी त्यामुळे सर्वस्वी मालकावर येते. ड्राइव्ह कूटबद्ध केल्याच्या दिवशीच हेडरची प्रत काढली आणि माहितीची एक प्रत दुसऱ्या जागी ठेवली, तर चुकीच्या क्लिकची किंमत काही तासांच्या कामाइतकीच राहते.